गेटवरच्या ॲपचा अभ्यास करायचाय ना, मग गेटवर न दिसणाऱ्या बायका आधी शोध

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातल्या मोठ्या सोसायट्यांमध्ये गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची एंट्री नोंदणारं सिक्युरिटी ॲप आलंय, त्यामुळे घरकामाला येणाऱ्या बायकांच्या कामावर काय परिणाम झाला यावर एमएचं डिझर्टेशन करायचंय, गूगल फॉर्म तयार आहे, २०० रिस्पॉन्स आले की सॅम्पल पुरेसं होईल का, आणि समाजशास्त्रवाले मुळात अभ्यास डिझाइन करतात कसा. ताई म्हणालीस म्हणून अगं-तुगं करते, चालवून घे.

विषय झकास आहे. गूगल फॉर्म मात्र आत्ता मिटून ठेव, कारण तो फॉर्म भरणार कोण, तर तुझ्या व्हॉट्सॲप ग्रुपमधल्या मुलींच्या घरी येणाऱ्या बाईंना त्या मुलीच प्रश्न वाचून दाखवणार आणि उत्तर टिक करणार, म्हणजे मालकिणीच्या घरात, मालकिणीच्या मुलीसमोर, मालकिणीच्या मोबाइलवर. अशा वेळी "तुम्ही समाधानी आहात का" ला कोण नाही म्हणेल?

२०० वगैरे आकडा फार शेवटी येतो. आधी काय करायचं तर एका कोऱ्या कागदावर तुझं म्हणणं एका वाक्यात लिही. तुझ्या प्रश्नाच्या सुरावरून ते साधारण असं असावं: "ॲपमुळे बायकांवर पाळत वाढली आणि खाड्याचे पैसे कापणं सोपं झालं." ठीक. आता त्याच्याखाली दोन ओळी लिही. एक, काय दिसलं तर माझं हे वाक्य खोटं ठरेल? दोन, ते मला सांगू शकेल अशी बाई माझ्या सॅम्पलमध्ये येणार आहे का? इतकी वर्षं पोरांचे प्रपोजल वाचतेय, नव्वद टक्के गाडी इथेच अडते, आणि बाकी सगळं म्हणजे मेथड, सॅम्पल, प्रश्नावली, ॲनॅलिसिस हे या दोन ओळींच्या मागून येतं. प्रपोजलमध्ये "उद्दिष्टे १ ते ७" लिहिलेली असतात आणि सातही उद्दिष्टं "अभ्यास करणे" ने संपतात, त्यातलं एकही चुकू शकत नाही. जे चुकू शकत नाही ते तपासायला जायचं तरी कशाला.

तुझ्याच केसमध्ये बघ. सकाळी सातला गेटवर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना विचारलंस तर तुला भेटतील फक्त त्या ज्यांची एंट्री आज चालू आहे. जिची एंट्री कुणा मॅडमच्या तक्रारीवरून बंद झाली ती गेटवर नाही. जी कटकटीला कंटाळून जुन्या बिनागेटच्या बिल्डिंगांमध्ये कामं धरून बसली ती नाही. जी लातूर-धाराशिवकडे गावी निघून गेली ती तर नाहीच. म्हणजे ज्यांच्यावर परिणाम सगळ्यात जास्त झाला त्या गायब, आणि तुझा निष्कर्ष येणार "बायकांना ॲपचा फारसा त्रास नाही". आता उलट बाजू. समज तू एखाद्या संघटनेच्या ताईंकडे गेलीस आणि म्हणालीस की त्रास झालेल्या बायका भेटवा. त्या भेटवतील, अगदी मनापासून. पण जिने महिनाअखेरीला ॲपमधली नोंद दाखवून "बघा, मी तेवीस तारखेला आले होते" म्हणून कापलेला खाडा परत मिळवला, ती बाई त्या यादीत येणार नाही, कारण तिला कुठे तक्रार करायचीय? ती भेटली तर तुझं वाक्य डळमळतं, म्हणून तीच तुला हवी. दोन्ही टोकांच्या बायका मुद्दाम शोधाव्या लागतात, आपोआप मिळतात त्या मधल्या.

यावर एक इथलंच उदाहरण देते. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल डॉ. हॅरॉल्ड मान यांनी १९१७ साली एका गावाचा अभ्यास छापला, कुणाची जमीन किती, तिचे तुकडे किती, कर्ज किती, घरोघरचा हिशेब. गाव कोणतं, तर पिंपळे सौदागर. हो तेच, जिथे तू आता टॉवर मोजत फिरणार आहेस. जुन्या नोंदींवरून त्यांनी मांडलं की १७७१ मध्ये सरासरी जमीनधारणा ४० एकरांच्या आसपास होती ती १९१५ पर्यंत ७ एकरांवर आली. हा आकडा अर्थशास्त्राच्या गाइडांमध्येसुद्धा सापडतो, पण मला त्यांचं पुढचं पाऊल जास्त आवडतं. पिंपळे सौदागर हे पुणे-खडकीला लागून, लोकांना शेतीबाहेर शहरातली मजुरी मिळायची, मग इथलं चित्र सगळ्या दख्खनचं आहे असं कसं म्हणणार? म्हणून त्यांनी सहलेखक कानिटकरांना बरोबर घेऊन दुसरं गाव निवडलं, शहरापासून लांबचं, कोरडवाहू, जातेगाव बुद्रुक, तो अभ्यास १९२१ ला आला. पहिल्या गावाचं उत्तर जिथे टिकणार नाही अशी शंका होती तिथेच ते गेले. शंभर वर्षांपूर्वी, ना एसपीएसएससारखं आकडेमोडीचं सॉफ्टवेअर ना लॅपटॉप. यालाच डिझाइन म्हणतात, बाकी आपण प्रपोजलमध्ये जे "वर्णनात्मक संशोधन आराखडा" असं लिहितो ते लेबल आहे.

आता तुलना. परिणाम म्हटलं की तुलना आलीच, कशाच्या तुलनेत परिणाम? पटकन सुचतं ते असं की ॲप असलेल्या दहा सोसायट्या आणि नसलेल्या दहा घ्यायच्या आणि पगार, सुट्ट्या, वागणूक यांची सरासरी काढायची. यात मोठा घोळ आहे. ॲप असलेल्या सोसायट्या नव्या, उंच, तिथले फ्लॅट मोठे, दोघं नवरा-बायको आयटीत, आणि नसलेल्या म्हणजे तीन मजली जुन्या बिल्डिंगा जिथे पेन्शनर काका-काकू. पगारातला फरक ॲपमुळे की फ्लॅटच्या साइजमुळे की मालकाच्या खिशामुळे, काही कळणार नाही. तू म्हणशील रिग्रेशनमध्ये कंट्रोल करेन, म्हणजे बाकीच्या गोष्टींचा परिणाम गणिताने वेगळा काढेन. कर, पण जे मोजलंच नाहीस ते कंट्रोल कसं करणार.

तुझ्या विषयात त्याहून चांगली तुलना आयती पडलीय. काळेवाडी, रहाटणी, थेरगाव भागात भाड्याच्या खोलीत राहणारी एकच बाई टॉवरमध्ये तीन घरं करते आणि येताना जुन्या बिल्डिंगमध्ये दोन घरं करते. बाई तीच, तिचं वय तेच, हात तेच, जात तीच, अनुभव तोच, गेट फक्त वेगळं. तिला दोन्हीकडचं सविस्तर विचार: उशीर झाला तर इथे काय होतं आणि तिथे काय होतं, खाडा कसा मोजतात, आजारी पडली तर बदली बाई पाठवता येते का (ॲपवर बदली बाईला एंट्री मिळवणं हे एक वेगळंच प्रकरण आहे, ते नक्की विचार), बाहेर पडताना पिशवी कोण बघतं, कुठल्या लिफ्टने जायचं. अशा बायका मिळाल्या की निम्मे कंट्रोल फुकटात होतात. दुसरी तुलना काळाची, म्हणजे ज्या सोसायटीत बाई ॲप यायच्या आधीपासून आहे तिथलं आधी आणि नंतर. पण ही आठवणीवर चालते आणि आठवण आजच्या रागलोभाने रंगते, म्हणून तिला एखाद्या ठरलेल्या घटनेला बांधून विचारावं लागतं, लॉकडाउनच्या आधी की नंतर, पोरगी दहावीला होती तेव्हा की नंतर, असं.

फ्रेमचा प्रश्न सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा. फ्रेम म्हणजे ज्या यादीतून तू माणसं निवडणार ती यादी. घरकामगारांची पुण्यात यादी आहे कुठे? महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालचा आहे, त्याखाली नोंदणी होते, पण नोंदणी १८ ते ६० वयाचीच आणि तीही जिने कागदपत्रं जमवून केली तिचीच. संघटनेची यादी घेतलीस तर तिथे सभासद. संघटना पुण्यात जुन्या आहेत, १९८० साली मोलकरणींनी संप केला होता आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली, हा इतिहास वाचल्याशिवाय फील्डवर जाऊ नकोस. पण सभासद बाई ही सरासरी बाई नसते, तिला हक्क माहीत असतात. ॲपची यादी मागशील तर ती सोसायटीच्या ताब्यात, आणि ती देणं मुळात योग्य नाही, त्यावर खाली बोलते. जनगणना २०११ ची, २०२१ ची झालीच नाही, आणि पिंपळे सौदागर-वाकड पट्टा २०११ नंतर कुठल्या कुठे गेलाय.

मग यादी स्वतः बनवायची. याला लिस्टिंग म्हणतात आणि हे करायला सगळे टाळतात. दोन-तीन वस्त्या किंवा चाळींच्या गल्ल्या ठरव, नकाशा हाताने काढ, प्रत्येक खोलीचं दार वाजव आणि फक्त दोन मिनिटांचे प्रश्न विचार: घरात राहतं कोण, कुठली बाई सध्या घरकाम करते का, आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, गेल्या दोन वर्षांत कुणी घरकाम करत होतं आणि सोडलं का, किंवा एखादी सोसायटी सोडली का. त्या शेवटच्या प्रश्नातून तुझ्या गायब बायका सापडायला लागतात. सगळ्या नाही सापडणार, खोली सोडून गेलेल्या नाहीतच, त्यांच्याबद्दल शेजारणींना विचारून निदान किती जणी गेल्या याचा अंदाज लिहून ठेव. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणात गावं गेलेल्या लोकांचा सर्व्हे केला, १९६९ ला डेक्कन कॉलेजने छापला, तिथेही मुद्दा हाच होता की माणसं आता मूळ पत्त्यावर नाहीत, त्यांच्यामागे जावं लागतं.

स्नोबॉल करू का असं विचारशीलच. म्हणजे एकीने दुसरीचं नाव द्यायचं, दुसरीने तिसरीचं. कर, पण ध्यानात ठेव की तो बचत गटाच्या ताईपासून सुरू होतो आणि त्याच भिशीतल्या बारा जणींत फिरत राहतो. १९९७ पासून याची एक सुधारलेली पद्धत आहे, प्रत्येकीला मोजकीच कुपनं द्यायची आणि कुणी कुणाला आणलं, कुणाच्या ओळखी किती, हे नोंदवून नंतर वजन द्यायचं, पण एमएच्या पातळीवर ते झेपणार नाही. निदान सुरुवात पाच वेगवेगळ्या ठिकाणांहून कर, एक मराठवाड्यातली, एक कर्नाटकातून आलेली, एक बारा तास मुलं सांभाळणारी, एक पोळ्यांची कामं करणारी, एक साठीच्या पुढची.

आता तुझा २०० चा आकडा. खरोखर रँडम निवडलेल्या २०० जणी असल्या तर टक्केवारीत साधारण अधिक-उणे ७ इतकी चूक धरावी लागते, अधिक-उणे ५ हवी असेल तर ३८५ लागतात, हे गणित कुठल्याही संख्याशास्त्राच्या पुस्तकात आहे. पण ते रँडमसाठी. गूगल फॉर्मला दोन लाख उत्तरं आली तरी हे गणित लागू होत नाही, १९३६ साली अमेरिकेत एका मासिकाने निवडणुकीआधी सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या, आणि मासिकाच्या अंदाजात जो हरणार होता तो रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत निवडून आला. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. तू दहा गल्ल्यांमधून प्रत्येकी २० बायका घेतल्यास तर त्या २०० नसतात. एका गल्लीतल्या बायका त्याच दोन-तीन सोसायट्यांत जातात, एकमेकींशी बोलून रेट ठरवतात, उत्तरं सारखी येतात. ही सारखेपणाची मात्रा समजा ०.१ धरली तर १ अधिक १९ (गल्लीतल्या २० मधून एक वजा) गुणिले ०.१ म्हणजे २.९, आणि २०० भागिले २.९ म्हणजे तुझ्याकडे प्रत्यक्षात ६९ जणींइतकीच माहिती आहे, चूक अधिक-उणे १२ च्या घरात. म्हणून एका गल्लीतून कमी आणि गल्ल्या जास्त, हा नियम. पाय दुखतात पण पर्याय नाही.

माझं स्पष्ट मत सांगू का, तुझ्या प्रश्नाला २०० चा सर्व्हे लागतच नाही. "किती टक्के बायकांना" हा तुझा प्रश्न नाहीये, "कसं घडतं" हा आहे. लिस्टिंगमधून साठ-सत्तर जणींची छोटी प्रश्नावली घे, चित्र कळायला, आणि मग पंधरा-वीस जणींशी नीट बसून मुलाखती, त्यात निदान पाच-सहा काम सुटलेल्या. पंधरा पुरतात का? २००६ साली एक बऱ्यापैकी गाजलेला लेख आला होता, घाना आणि नायजेरियातल्या बायकांच्या ६० मुलाखती तपासून त्यांनी दाखवलं की बहुतेक मुद्दे पहिल्या १२ मुलाखतींत येऊन गेले होते. मात्र त्या बायका बऱ्यापैकी एकसारख्या गटातल्या होत्या. लोक तो १२ चा आकडा पाठ करतात आणि ही अट विसरतात. तुझ्याकडे कामात असलेल्या, काम सुटलेल्या आणि बारा तासवाल्या असे तीन गट आहेत, प्रत्येकात नवीन काही येईनासं झालं की थांब. आणि फक्त बायका नको, वॉचमन, सुपरवायझर, सोसायटीचे सेक्रेटरी, दोन-चार मालकिणीही घे. वॉचमनला सगळं माहीत असतं, आणि तो स्वतःच त्या ॲपच्या खाली चिरडलेला असतो, प्रत्येक एंट्रीला त्यालाच शिव्या.

प्रश्न विचारण्याची कला हा स्वतंत्र विषय आहे, इथे थोडं रमते. "तुमचा महिन्याचा पगार किती" असं विचारलंस तर एकच आकडा येईल आणि तो चुकीचा असेल. हिशेब घरागणिक आणि कामागणिक असतो: धुणं-भांड्याचे वेगळे, केर-फरशीचे वेगळे, पोळ्यांचे वेगळे, वर उचल घेतली असेल तर ती वजा. एक तक्ता कर, एका ओळीत एक घर, कोणतं काम, फ्लॅट केवढा, किती वर्षं, पैसे किती, शेवटचा खाडा कधी आणि तेव्हा किती कापले. "शेवटचा" हा शब्द सोन्याचा आहे. "साधारणपणे कापतात का" ला लोक मत सांगतात, "शेवटच्या वेळी काय झालं" ला घटना सांगतात.

सरकारी सर्व्हेतसुद्धा हे शिकण्यासारखं आहे. २०१९ चा टाइम यूज सर्व्हे झाला, देशभर सुमारे १ लाख ३९ हजार घरं, त्यात "तुम्ही काम करता का" एवढ्यावर न थांबता पहाटे ४ ते दुसऱ्या दिवशी पहाटे ४ असा पूर्ण दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत विचारला. म्हणून तर बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २९९ मिनिटं घालवतात आणि ते करणारे पुरुष ९७, हे आकड्यात आलं. नुसतं "काम करता का" विचारलं असतं तर अर्ध्या घरांत "नाही, घरीच असते" एवढंच लिहिलं गेलं असतं. तुझ्या बायकांचाही एक पूर्ण दिवस असाच लिहून घे, गेटवर थांबण्याची मिनिटं त्यात आपोआप निघतील.

अवघड प्रश्नांना वळसा घालावा लागतो. २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात अस्पृश्यतेबद्दल विचारायचं होतं. आधी सरळ विचारलं, तुमच्या घरात कुणी अस्पृश्यता पाळतं का, आणि जे नाही म्हणाले त्यांना पुढे विचारलं की अनुसूचित जातीची व्यक्ती तुमच्या स्वयंपाकघरात आली किंवा तुमची भांडी वापरली तर काही अडचण आहे का. दोन्ही मिळून २७ टक्के घरांत होकार आला. पहिल्याच प्रश्नावर थांबले असते तर आकडा कमी दिसला असता. तुला मालकिणींना हेच विचारायचंय ना, भांडी, कप, बाथरूम, लिफ्ट? "तुम्ही भेदभाव करता का" विचारशील तर कोथरूडपासून खराडीपर्यंत एकही बाई हो म्हणणार नाही. "बाईंना चहा देता का, कुठल्या कपात" हे सहज बोलता बोलता विचार आणि उत्तर येताना काय बघतात, काय हसतात, तेही लिही. कामवाल्या बाईंना जात विचारताना मात्र पहिल्या पाच मिनिटांत नको, शेवटाकडे, आणि का विचारतेस ते सांगून, नको म्हणाल्या तर पुढे जायचं.

पायलट म्हणून पाच-सहा जणींवर प्रश्नावली चालवून बघ आणि प्रत्येक प्रश्नानंतर "तुम्हाला काय समजलं" असं विचार. "पाळत" हा शब्द आपल्या सेमिनारमधला आहे, त्यांच्या बोलण्यात "बारीक नजर ठेवतात", "टायमिंग बघतात" असं येतं. पायलटमध्ये अर्धे प्रश्न मरतात, मरू देत.

फील्डची वेळ. सकाळी सहा ते दीड-दोन बायका कामावर, दुपारी अडीच ते चार थोड्या मोकळ्या, मग संध्याकाळची कामं. तू फक्त दुपारी गेलीस तर बारा तासवाल्या कधीच भेटणार नाहीत, त्यांच्यासाठी रविवार किंवा रात्री आठनंतर. आणि एका खोलीत दोन-तीन कामकरी बायका असतील तर जी दारात येते तिलाच घेऊ नकोस. दारात बहुतेक वेळा सासूबाई येतात, त्या बोलतातही भरपूर. आतल्या कुणाला घ्यायचं ते ठरवायचे साधे तक्ते आहेत, संख्याशास्त्रज्ञ लेस्ली किश यांनी १९४९ मध्ये मांडलेला अजून वापरतात, नाहीतर सरळ जिचा वाढदिवस सगळ्यात नुकता झाला ती. वाढदिवस माहीत नसेल तर चिठ्ठ्या टाक. प्रत्येक बंद दाराची नोंद ठेव: कुलूप, नकार, नंतर या, पत्ता बदलला. निदान तीन वेळा वेगवेगळ्या वेळी परत जा. रिपोर्टमध्ये हा तक्ता छापायचा, तुझ्या सॅम्पलची खरी कुंडली तीच. नवरा खाटेवर बसून तिच्या वतीने उत्तरं द्यायला लागला तर प्रश्न थांबव, चहा घे, परत ये.

संमती आणि गुप्तता. लेखी संमतीच्या फॉर्मवर सही म्हटली की बायका घाबरतात, कारण सहीचा त्यांचा अनुभव कर्जाचा आणि पोलिस व्हेरिफिकेशनचा असतो. तुझ्या डिपार्टमेंटच्या एथिक्स कमिटीला तोंडी संमती मान्य आहे का ते आधी विचार, असेल तर मराठीत चार वाक्यं वाचून दाखव: मी कोण, कशासाठी, नको असेल तर मध्येच थांबता येईल, तुमच्या मॅडमना किंवा सोसायटीला काही कळणार नाही. आणि ते खरंच कळता कामा नये. सोसायटीच्या ऑफिसमधून ॲपचा एंट्री-एक्झिट डेटा मिळत असला तरी त्या बायकांना न विचारता घेऊ नकोस, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी ज्या पाळतीचा अभ्यास करतेस तिचाच फायदा उठवणं बरं दिसत नाही. नाव आणि नंबर वेगळ्या वहीत, उत्तरं वेगळ्या फाइलीत, मध्ये फक्त कोड नंबर. लिहिताना नुसतं नाव बदलून भागत नाही, "पिंपळे सौदागरमधल्या २२ मजली टॉवरमध्ये बाराव्या मजल्यावर काम करणारी बिदरची पोळीवाली" असं लिहिलंस की वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना कळलं. मजला काढ, गाव बदल, दोन बायकांचे तपशील मिसळ आणि तसं केलंय हे मेथडच्या प्रकरणात सांग.

नोट्स त्याच रात्री. उद्यावर टाकलेली नोट म्हणजे कादंबरी. आणि दोन ठिकाणी कॉपी ठेव. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या रामपुरा गावात फील्डवर्क केलं, १९७० साली स्टॅनफर्डमध्ये लागलेल्या आगीत त्यांच्या त्यावर काम केलेल्या सगळ्या नोट्स जळाल्या, मग त्यांनी आठवणीवर पुस्तक लिहिलं, १९७६ ला आलं आणि क्लासिक ठरलं. तू श्रीनिवास नाहीस, मीही नाही, गूगल ड्राइव्हवर आणि पेनड्राइव्हवर दोन्हीकडे टाक.

ॲनॅलिसिसचं काम फील्डच्या आधी सुरू होतं, हे ऐकून हसतात पोरं. रिकामे तक्ते आधी काढून ठेव, मथळे आणि रकाने लिहून, आकडे नाहीत: एकाच बाईचं ॲपवालं घर आणि बिनॲपवालं घर, खाडा कापण्याची पद्धत, बदली बाईची सोय, काम सुटण्याचं कारण. ज्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच तक्त्यात किंवा कुठल्याच प्रकरणात जात नाही तो प्रश्न प्रश्नावलीतून काढून टाक, बाईंची दोन मिनिटं वाचतील. मुलाखतींना कोड देताना, म्हणजे कुठल्या वाक्यात कुठला मुद्दा आहे ते खुणावताना, पहिल्या तीन-चार मुलाखती मैत्रिणीलाही वेगळ्या कोड करायला दे आणि दोघींचं कुठे जमत नाही ते बघ, भांडणातून व्याख्या पक्क्या होतात. आणि ज्या मुलाखती तुझ्या वाक्याच्या विरोधात जातात त्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव, एक अख्खा सेक्शन त्यांच्यावर लिही. परीक्षक बहुतेक तोच वाचतात, निदान मी तरी तोच आधी वाचते.

वेळापत्रकाबद्दल एवढंच की एप्रिल-मे मध्ये फील्ड ठेवू नकोस, जत्रा, लग्नं आणि पोरांच्या सुट्ट्या म्हणून निम्म्या खोल्यांना कुलूप असतं, आणि तू त्यांना "काम सोडलेल्या" समजून बसशील. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवसही नकोत, बोनसची बोलणी चाललेली असतात, पैशांबद्दलची उत्तरं तेव्हा वेगळी येतात, हां, बोनसच हवा असेल तर मात्र तेव्हाच जा. शाळा सुरू झाल्या की बहुतेक जणी परतलेल्या असतात, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात लिस्टिंग धर. तेव्हा पाऊस असणार, कागद भिजतात, म्हणून मोबाइलवर कोबो टूलबॉक्स टाकून घे, फुकट आहे, नेट नसताना चालतं, मराठीत फॉर्म बनतो. गूगल फॉर्ममध्ये टाइप केलेले प्रश्न वाया जाणार नाहीत, पायलटमध्ये जगतील तेवढे तिथे हलव.